जांभई देणारा दगड

परळ, मुंबई
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दर्शना,

सप्रेम जयभीम.

तुझा हुकूम पाळून पत्र लिहितो आहे. फोनवर मी भाषण करतो आणि तुला तोंड उघडायला मिळत नाही, ही तुझी तक्रार तुझ्या आईने माझ्यापर्यंत पोचवली. मान्य. ज्याचा गळा गिरण्यांच्या फाटकांवर ओरडून घडला, त्याला त्या चपट्या डबीत हळू बोलणं जमत नाही. शिवाय तुझ्या बेटावर नेटवर्क असतं कधी? तेव्हा कागद. कागदावर तरी तू मला हवं तिथे थांबवू शकशील.

बातमी अशी, की काल सकाळी प्रभादेवीच्या किनाऱ्यावर एका दगडाने मला जांभई दिली.

हसू नकोस. डॉक्टरने चालायला सांगितलंय, म्हणून ओहोटीची वेळ बघून मी तिकडे जातो. शाळेत असताना तू ज्या डबक्यापाशी उकिडवी बसायचीस आणि तुझा बाप सीताराम मागून हाका मारून मारून थकायचा, ते डबकं अजून तसंच आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी कडेच्या सपाट खडकावर बसतो. पाण्याखाली नारिंगी स्पंजाचा जाड थर. त्या थरात लिंबाएवढा एक खडबडीत गोळा. बघता बघता त्या गोळ्याला फट पडली, चांगली मोठी, आतलं पांढरं दिसेपर्यंत उघडली आणि मिटली. पुन्हा दगड. मी हललो नाही. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे टाकला. होय, हात. कोपरात वाकलेला, पुढे पंजा. एक पाऊल चालला आणि बसला. मग कपाळावरून केसासारखी एक काडी पुढे काढली. तिच्या टोकाला पांढुरकं काहीतरी होतं, आणि ते तो हलवत राहिला. तुझे बाबा भाऊच्या धक्क्यावर गळ टाकून बसायचे, अगदी तसा.

कालवं काढणाऱ्या चंपाबाईंना हाक मारून दाखवला. त्या म्हणाल्या, "तो होय! असतो तो."

"नाव काय त्याचं?"

"जे शिजवत नाय त्याला नाव कशाला ठेवायचं, काका?"

आता दुसरी बातमी. खडकांवर लाल रंगाने आकडे टाकले आहेत. फिरायला सागरी पथ होणार आणि फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ. मार्चमध्ये भराव सुरू. तुझं डबकं लाल रेषेच्या आत आहे. कडेला नाही, मधोमध.

हा गृहस्थ कोण, ते कळव. पुढचं मी बघतो.

तुझा
राजाकाका


मायाबंदर, अंदमान
५ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

जयभीम आणि नमस्कार.

तुझं पत्र आज बोटीवरून उतरलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग आमच्या स्वयंपाक्यालाही वाचून दाखवलं. तो बंगाली आहे, त्याला एक अक्षर कळलं नाही, पण जांभईची नक्कल मी केली तेव्हा हसला.

काका, तो फ्रॉगफिश आहे. मराठीत आपण बेडूकमासा म्हणू. खोल समुद्रातल्या काळोखात डोक्यावर दिवा घेऊन शिकार करणारे मासे तू चित्रात पाहिले असशील. त्यांचा हा उथळ, उबदार पाण्यातला भाऊबंद. कपाळावरची काडी म्हणजे त्याचा गळ आणि टोकाला दिसतं ते आमिष. किडा समजून बारका मासा जवळ आला की संपला. तो गिळतो केव्हा ते डोळ्याला कळतसुद्धा नाही. पोहणं त्याला जेमतेम येतं. तू ज्यांना हात म्हणालास ते त्याचे पर, त्यांच्यावर तो चालतो. आणि ज्या स्पंजावर बसेल त्याचा रंग काही आठवड्यांत अंगावर घेतो. नारिंगीवर नारिंगी, काळ्यावर काळा. नेमकी जात कोणती, हे वर्णनावरून सांगता येणार नाही. फोटो पाठव. हात लावू नको, कोणाला लावू देऊ नको.

एवढी वर्षं मी त्या डबक्यापाशी बसले आणि मला तो एकदाही दिसला नाही. आज दिवसभर मला तुझा हेवा वाटतो आहे.

एक लक्षात ठेव. तो एकटा असा काही नसतोच. तो स्पंज, स्पंजाच्या भोकांत राहणारी झिंगं, त्यांच्यामागे येणारे बारके मासे, रोज दोनदा येऊन जाणारं पाणी, हे सगळं मिळून तो होतो. डबकं राहिलं तर तो राहील. न दिसणं हाच त्याचा धंदा आहे, काका. तो त्याला करू दे.

मेपर्यंत मला इथून हलता येत नाही. प्रवाळांचं काम ऐन मोसमात आहे आणि सर एक दिवस सोडणार नाहीत. तू आहेस तिथे, याचाच आधार.

तुझी
दर्शना


परळ
२२ डिसेंबर २०२४

प्रिय दर्शना,

न दिसणं हा धंदा? पोरी, न दिसल्यामुळेच तर आपण मेलो!

ज्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, त्यांच्या विहिरी वेगळ्या राहिल्या, त्यांच्या चाळींवरून पूल गेले, त्यांच्या गिरण्यांवर काचेचे मनोरे उभे राहिले. माझे आजोबा तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला चालत महाडला गेले होते. कशासाठी? तहान लागली म्हणून? घरी पाणी होतं. जगाने बघावं म्हणून गेले. दिसणं हा पहिला हक्क आहे, बाकीचे त्याच्या मागून येतात. मी आयुष्यभर हेच बोललो आणि अजून मला कोणी खोटं पाडलेलं नाही.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. 'हजारो कामगार देशोधडीला लागले' असं म्हटलं तर सभेत माणूस विडी पेटवतो. पण एका बाईला मंचावर आणून उभं केलं, तिचं नाव सांगितलं, तिच्या चुलीवर आज काय आहे ते सांगितलं, की तोच माणूस विडी विझवतो. लढ्याला चेहरा लागतो. किनारा म्हटलं तर लोकांना काय दिसतं? चिखल आणि वास. म्हणून मी त्यांना चेहरा दिला.

प्रभादेवीच्या नाक्यावर धनेशचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मंडळाचा जुना कार्यकर्ता, मला मानतो. त्याने स्वतः येऊन पोटावर झोपून फोटो काढला. सोबत एक प्रत पाठवतो आहे. मोठ्ठा फ्लेक्स झाला. वर तुझ्या माशाचं तोंड, खाली माझी ओळ: 'मी इथलाच! मला कुठे हाकलता?' एका बाजूला कोणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्या बाजूला दहावीचे क्लास, मधे हा. लोक थांबून वाचतात. कालच एकजण विचारत होता, "हा कुठल्या वॉर्डातून उभा आहे?" धनेश म्हणाला, "तोंडावरून तर निवडून येणार वाटतंय."

तुझ्या आईला, मालनवहिनींना, मुद्दाम नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "भावोजी, हो मासो? हो तर धोंडो! धोंड्याचो फोटो कसलो लावतास?" मग किनाऱ्यावर नेलं, बोट दाखवलं, तरी त्यांना दिसेना. रविवारी पंचवीस-तीस माणसं आली होती. मी खडकावर उभा राहून एकेकाला बोटाने दाखवत होतो. निम्म्यांना दिसला नाही. "काका फेकतायत," म्हणत गेले. एकाचा पाय डबक्यात पडला, तेव्हा चंपाबाईंनी त्याच्या घराण्याचा उद्धार केला.

आठ जानेवारीला जनसुनावणी आहे. मी बोलणार आहे. कितीतरी वर्षांनी गळा खाजतो आहे.

तुझा
राजाकाका


मायाबंदर
९ जानेवारी २०२५

प्रिय काका,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. वाचल्या वाचल्या मी टेकडीवर चढले, कारण तिथे फोनला रेंज येते. तू उचललास. मी म्हटलं, "काका, ऐक, एकच गोष्ट." तू म्हणालास, "आधी तू ऐक," आणि सुनावणीतलं भाषण म्हणून दाखवायला लागलास. मी तीनदा मधे घुसायचा प्रयत्न केला. तू म्हणालास, "थांब, शेवट ऐक." शेवटाच्या आधीच नेटवर्क गेलं. मग अंधार पडेपर्यंत थांबले, पुन्हा लागला नाही.

काल सुनावणी झाली असेल. हे पत्र म्हणजे लग्न लागल्यावर पोचलेला आहेर. तरी लिहिते, कारण मनात ठेवून झोप येत नाही.

मला एवढंच सांगायचं होतं: मासा मागू नकोस, किनारा मागायचा. माशाचं नावसुद्धा नको. स्पंज, प्रवाळ, कालवं, चंपाबाईंचा रोजगार, भरतीचं पाणी रस्त्यावर येण्याचा धोका, हे सगळं मागायचं. कारण मासा उचलता येतो, काका. किनारा उचलता येत नाही.

तू हे सगळं बोलला असशील. तुझ्या लक्षात आलंच असेल. हो ना?

दर्शना


परळ
११ जानेवारी २०२५

प्रिय दर्शना,

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. हॉल भरला होता. मी उभा राहिलो आणि गळा असा लागला, जसा संपाच्या वर्षी लागायचा. टाळ्या पडल्या, मागच्या रांगेतले खुर्च्यांवर चढले. धनेशने फ्लेक्स आणून मंचासमोर धरला. मी म्हणालो, याच्याकडे बघा. याला पोहता येत नाही, पळता येत नाही, याला कोर्टात जाता येत नाही. याचं तुमच्याशी एकच भांडण आहे, की हा इथे राहतो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माशासाठी, दर्शना! गिरणगावातल्या बायका माशासाठी रडल्या. आजवर त्यांनी माशाचं डोकं आमटीत टाकलं होतं.

मग सागरी पथ बांधणाऱ्या प्राधिकरणाचे साहेब उभे राहिले. तुझ्याच वयाचे असतील. आमच्या काळी साहेब माइक बंद करायचे, पोलीस बोलवायचे. याने आधी माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडून दिली. म्हणाला, "सर, मी भारावून गेलोय. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य." मग सभेकडे वळून सांगितलं, की या माशाला कसलीही इजा होणार नाही. भरावाआधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याला सुखरूप हलवलं जाईल, उत्तम ठिकाणी ठेवलं जाईल, आणि त्याचा सगळा भार प्राधिकरण उचलेल. इतिवृत्तात ओळ लिहून घेतली: हरकतदाराची मागणी मान्य.

आणि टाळ्या पडल्या. मला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त. धनेशनेही वाजवल्या. मीसुद्धा हात जोडले.

ते परळच्या पुलापर्यंत येईतो माझ्या ध्यानात आलं नाही. पुलावर थांबलो. कठडा धरला. मी भाषणभर मासा, मासा, मासा म्हणालो होतो. किनारा हा शब्द एकदा तरी उच्चारला का, ते आठवत राहिलो.

नाकारणाऱ्यांशी कसं लढायचं ते मला येतं. जो 'मान्य' म्हणतो, त्याच्याशी कसं लढायचं?

मी अर्ज करणार आहे, की सुनावणी पुन्हा घ्या.

राजाकाका


मायाबंदर
२५ जानेवारी २०२५

प्रिय काका,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. त्यामुळे माझं पत्र तुला किती लागलं असेल ते मला आता कळतंय.

आज जे सांगणार आहे ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. मासा कसा हलवायचा, याची कार्यपद्धती प्राधिकरणाने आमच्या संस्थेकडे मागितली आहे. फ्रॉगफिशवर काम करणारं इथे कोणी नाही. प्रवाळांतल्या माशांवर करणारी मी आहे. सरांनी ते काम मला दिलं.

मी नाही म्हणू शकले असते. दोन दिवस तोच विचार केला. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला गाठलं असतं, किंवा बादली आणि जाळी घेऊन स्वतःच गेले असते. भराव पडणारच आहे, काका. तुझा अर्ज त्यांनी नम्रपणे स्वीकारला असेल आणि नम्रपणे ठेवून दिला असेल. मग निदान तो जिवंत तरी राहू दे. मी लिहिणार आहे. पाणी किती, तापमान किती, हात कसा लावायचा, स्पंजाचा तुकडा सोबत कसा न्यायचा, सगळं.

तू रागावशील. रागाव. पण पत्र लिही.

दर्शना


परळ
३ फेब्रुवारी २०२५

दर्शना,

तुझ्या बाबांनाही सुखरूप हलवलं होतं. लालबागच्या खोलीतून वडाळ्याच्या ट्रान्झिट कॅम्पात. टेम्पो त्यांचा, हमाल त्यांचे, सामान बांधायला दोऱ्यासुद्धा त्यांच्याच. एक भांडं फुटलं नाही. साहेबांनी हात मिळवला. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे म्हणाले, आणि तू दहावीला गेलीस तरी तुम्ही तिथेच होता. तेवढा सगळा काळ सीतारामने त्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही. कपडे दोरीवर, कॅलेंडर खाटेवर. मी म्हणायचो, "अरे, ठोक की खिळा." तो म्हणायचा, "आपली भिंत न्हय ती." लालबागला नवी खोली मिळाली आणि वर्षाच्या आत तो गेला.

त्याच्या मुलीने आता हलवण्याची पद्धत लिहावी. सुबक अक्षरात लिहावी. मी ती वाचणार नाही.

राजरत्न


मायाबंदर
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

तुझं पत्र मी पुन्हा उघडलेलं नाही. एकदाच वाचलं, ते पुरे आहे.

बाबांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. पण तू एक विसरलास. त्या कॅम्पातून दर रविवारी ते मला प्रभादेवीला घेऊन यायचे. खिळा ठोकला नाही, पण जगत होते. मी ते बघत वाढले, म्हणून मला सुखरूप या शब्दाचा राग येतो आणि तरीही तो सोडवत नाही.

मी कागद पाठवून दिले. अमावास्येनंतरची सकाळची ओहोटी, एक मार्च, ही शेवटची. त्यानंतर दगड टाकायला सुरुवात. एका शोभेच्या मत्स्यालयाची माणसं येणार आहेत. चांगली असतील, पण त्यांनी हा मासा काचेबाहेर कधी पाहिलेला नाही. माझ्या मते त्यांना तो सापडणार नाही. सापडला नाही तर 'आढळला नाही' असं लिहून ते निघून जातील.

मी तुला काही मागत नाही. फक्त काय होणार आहे ते सांगते.

आईला तुझ्याकडे सोलकढी घेऊन जायला सांगितलंय. तिला तरी दार उघड.

दर्शना


परळ
३ मार्च २०२५

दर्शना,

मी गेलो होतो. कशासाठी गेलो ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. तो त्यांच्या हाती लागू नये म्हणून गेलो असेन. किंवा निरोप घ्यायला.

चार जण होते. रबरी बूट, हवा भरायचा पंप, जाड पिशव्या. त्यांच्या प्रमुख बाईंच्या हातात तुझे कागद होते, प्लास्टिकमध्ये घातलेले. त्या मोठ्याने वाचून सांगत होत्या: कोणताही दगड उलटू नये, उलटल्यास जसा होता तसा ठेवावा. मी ओळखलं. हे तू नववीत असताना मला दटावून सांगायचीस.

त्यांनी मन लावून शोधलं. खोटं कशाला बोलू. पोटावर झोपून, काचेच्या डब्यातून, विजेऱ्या लावून, उलटलेला प्रत्येक दगड जसाच्या तसा ठेवून. मी माझ्या खडकावर बसलो होतो. तो त्या बाईंच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. गळ टाकून बसला होता. त्याच्या आयुष्यात इतकी मोठी शिकार इतक्या जवळ कधी आली नसेल.

पाणी फिरलं. कडेच्या खडकांवर पहिली लाट चढली. मागे रस्त्यावर दगड भरलेले डंपर रांगेत उभे होते, इंजिनं चालूच. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नसेल आता इथे. गेला असेल कुठेतरी." एकाने लिहायला पेन काढलं.

चंपाबाई कालवांची टोपली घेऊन माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचीही ती शेवटचीच सकाळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही गप? आज?"

दर्शना, मी जन्मभर लोकांना सांगत आलो, की पर्याय दोनच आहेत असं जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तिसरा आपण निर्माण करायचा. त्या खडकावर बसून मी तिसरा शोधला. पाणी घोट्याला लागेपर्यंत शोधला. दगडाखाली किंवा काचेत, याशिवाय मला काही सापडलं नाही.

मी उठलो आणि बोट दाखवलं.

तरी त्यांना दिसेना. मग मी गुडघ्यांवर बसलो आणि पाण्यात बोट घालून त्याच्या अगदी जवळ नेलं. त्याने आधी त्या बोटाकडे गळ हलवला. मग कळलं असावं. अंग फुगवून तो स्पंजाला चिकटून राहिला. त्यांनी तुझ्या कागदाप्रमाणे स्पंजाच्या तुकड्यासकट उचलला. पिशवीत गेल्यावर त्याने काडी मिटून घेतली, ती पुन्हा काढली नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळे शक्य झालं." सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवला. माझा हात ओला होता.

दुपारी पहिला डंपर रिकामा झाला. मी आवाज ऐकला, पाहिलं नाही.

राजाकाका


मायाबंदर
१६ मार्च २०२५

प्रिय काका,

त्यांनी दगड जसेच्या तसे ठेवले हे वाचून मला बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की दुपारी त्याच दगडांवर काय पडलं. मी टेकडीवर जाऊन बसले. फोन केला नाही. तू उचलला असतास आणि दोघंही काही बोललो नसतो, तर मला ते सोसलं नसतं.

त्यांच्याकडून कळलंय की तो खातो आहे. जिवंत झिंगं देतात. किती जगेल ते सांगता येत नाही.

तो कुठे आहे ते तुला कळलं असेलच. बाबांच्या गिरणीच्या जागी जो मॉल झालाय, त्याच्या तळमजल्यावर. माझं काम संपायला दोन महिने आहेत. माझ्याआधी तू एकदा जाऊन ये. आईला घेऊन जा. बाबा गेल्यापासून ती त्या फाटकातून आत गेलेली नाही.

तुझी
दर्शना


परळ
२० एप्रिल २०२५

प्रिय दर्शना,

सप्रेम जयभीम.

काल गेलो. वहिनी आधी फाटकापाशीच थांबल्या. फाटक नाही आता, सरकतं दार आहे, तरी त्या फाटक जिथे होतं तिथेच थांबल्या. मग माझा दंड धरून आत आल्या आणि चालता चालता सांगत राहिल्या, "हयसर साचेखातो. हयसर हेंचो साचो." सीतारामचा तो माग होता तिथे आइस्क्रीमचं दुकान आहे. त्याच्यापुढे मत्स्यालय.

त्याची टाकी कोपऱ्यात आहे. जांभळा दिवा, जांभळी प्लास्टिकची प्रवाळं. वर पाटी, आणि पाटीवर धनेशने काढलेला तो फोटो. खाली माझी ओळ, जशीच्या तशी: 'मी इथलाच!' पुढचा प्रश्न त्यांनी काढून टाकलाय.

टाकी रिकामी दिसत होती. लोक येत होते, पाटी वाचत होते, काचेवर टकटक करत होते आणि "ह्यात कायच नाय रे" म्हणून शार्कच्या टाकीकडे जात होते. मी खूप वेळ उभा राहिलो. नारिंगी शोधत होतो. मग तुझं पत्र आठवलं आणि जांभळं शोधायला लागलो.

दिसला. प्लास्टिकच्या दोन फांद्यांमध्ये, तितकाच जांभळा, तितकाच खडबडीत. त्या फांदीला भोकं नाहीत, भोकांत झिंगं नाहीत, तिच्याकडे कधी कोणी येणार नाही. आणि हा काडी पुढे काढून आमिष हलवत बसला होता. त्याने अजून धंदा सोडलेला नाही.

शेजारी एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी होती. तिचे आईवडील पुढे गेले होते. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला दिसतोय?"

दर्शना, माझा उजवा हात आपोआप उठला. तो हात तुला माहीत आहे. फाटकांवर उठला, सभांत उठला, एक मार्चला पाण्यात गेला. तो खांद्यापर्यंत आला होता. त्याच वेळी याने तोंड उघडलं, तीच जांभई, आतलं पांढरं दिसेपर्यंत, आणि मिटलं.

मी हात खाली घेतला. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नाही बाळ," मी म्हणालो.

ती पळत गेली. वहिनी कधीच्या काचेकडे बघत होत्या, नेमक्या त्या दोन फांद्यांच्या मधे. मग त्यांनी माझ्या पाठीमागच्या हातांकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"चला भावोजी," त्या म्हणाल्या. "धोंडोच आसा तो."

तुझा
राजाकाका